चिंचेवरचं बाळंतघर

या, बसा. असे लांब नका बसू. खांबाला टेकून तर मुळीच नको. खांबाला टेकलेला श्रोता पूर्वरंग संपायच्या आत घोरायला लागतो, हे मी कैक कीर्तनांत पाहिलं आहे. पुढे सरका, मांडी घाला, मोबाईल खिशात ठेवा. आमच्या आळीतल्या देवळासमोर एक चिंच आहे. तिच्यावर बाळंत झालेल्या बगळ्यांची हकिगत तुम्हाला सांगतो. मी काही कीर्तनकार नाही, नुसता ऐकणारा. पण ऐकून ऐकून अशी खोड लागली आहे की बाजारातून भेंडी आणल्याची गोष्टसुद्धा मी नमनापासून सुरू करतो, आणि आमची प्रेमलता स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, उत्तररंगावर या! भेंडी आणलीत की नाही?" म्हणून आज नमन नाही. थेट पक्षिगणना.

पक्षिगणनेत माझं नाव मी दिलं नव्हतं. प्रेमलतेने दिलं. हेमांगी नावाची एक मुलगी नालासोपाऱ्याहून आमच्या वाचनालयात आली होती. एरवी ती कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून वसईभर हिंडते. तिला स्वयंसेवक हवे होते. प्रेमलता म्हणाली, "आमच्या ह्यांना घ्या. सुट्टीच्या दिवशी घरात नुसते पायात पायात येतात." तरुण मंडळींना चिंचोटीचं जंगल मिळालं, काहींना गासकडची शेतं मिळाली. माझे गुडघे पाहून हेमांगीने मला देवळासमोरची चिंच दिली. मानाचा प्रश्न म्हणून मी थोडा रुसलो, पण देवाच्या दारातली ड्यूटी म्हणून गप्प बसलो.

नियम साधा होता. हलायचं नाही, बोलायचं नाही, बघायचं आणि मोजायचं. मला वाटलं, यात काय? बसल्या जागी तासन्‌तास ऐकायची मला सवय आहे. पण अडचण निराळीच निघाली. पहिल्याच सकाळी एक खंड्या समोरच्या तारेवर असा झोकात येऊन बसला, की माझ्या तोंडून आपसूक गेलं, "वाऽहवा!" आणि हाताने मांडीवर थाप. खंड्या गेला. त्याच्याबरोबर बाकीचेही गेले.

"काका," हेमांगी दात आवळून म्हणाली, "दाद द्यायची नाही."

पुढच्या वेळी मी तोंडावर रुमाल धरून उभा राहिलो, आणि तेव्हाच आम्हाला घरटी दिसली. एक नाही, वरच्या दोन फांद्यांवर दाटीवाटीने, काटक्या कशाही टाकाव्यात तशी. त्यांतून वाकड्या माना आणि विस्कटलेली पिसं बाहेर आली होती. हेमांगी इतकी हरखली की तिचाच आवाज चढला. "ढोकरी आहेत काका! आणि पिल्लं! अख्खी कॉलनी!"

ढोकरी म्हणजे आपला तो बगळा हो, बांधावर मातकट होऊन उभा असतो आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसतो. मी जन्मभर त्याला दगड समजत आलो होतो.

मग हेमांगी गंभीर झाली. "काका, हे झाड आता तुमच्या भरवशावर. पिल्लं उडेपर्यंत फांद्या हलता कामा नयेत, गर्दी नको, आवाज नको. पिल्लू खाली पडलं तर आई त्याला उचलायला येत नाही. आणि फार त्रास झाला तर सगळेच घरटी सोडून जातात."

आता मी विमा कंपनीतला माणूस. दुसऱ्यावर काय काय संकटं येऊ शकतात याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो. त्या दिवसापासून मी तो विचार फुकट करू लागलो. वारा सुटला की मी उठून चिंचेखाली जाऊन येई. जेवताना घास हातात राही. "पिल्लं त्यांची आणि वजन तुमचं उतरतंय," प्रेमलता म्हणाली.

संकट मात्र वाऱ्याचं आलं नाही, रमेशभाऊंचं आलं. रमेशभाऊ म्हणजे आमच्या विठ्ठल मंदिर समितीचे अध्यक्ष. श्रावणात आमच्याकडे सप्ताह असतो. सगळी कीर्तनं देवळात होतात, पण शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन बाहेर अंगणात, चिंचेखाली. त्या दिवशी आळीच नव्हे, आजूबाजूची गावं लोटतात. रमेशभाऊ मला रस्त्यात गाठून म्हणाले, "मधू, गेल्या वर्षी ऐन गजरात बुवांच्या फेट्यावर पडलं, लक्षात आहे ना? यंदा काल्याच्या आधी वरच्या फांद्या उतरवतोय. माणूस सांगून ठेवलाय."

"पण भाऊ, पिल्लं आहेत वर."

"मग खाली माणसं नाहीत?" भाऊ म्हणाले.

देवळाला लागून विमलाकाकूंचं घर. त्या भाऊंच्या बाजूच्या. त्यांचं दुःख खरोखर मोठं होतं. "मधू, अरे श्रावन पाळते मी! घरात कांदालसून नाही. आनि तुझी ती बगळी वरून मासळी टाकतात ती नेमकी माझ्या तुळशीत! रोज सकाळी देवाला पानी घालायला जाते तर वृंदावनात बोयटं पडलेलं. हे पाप कोनाच्या माथी?"

मी हात जोडले. पाप माझ्या माथी घेतलं. शेजारचे सल्ले द्यायला धावले. एक म्हणाला कोर्टात जा, तुझी नातवंडं निकाल ऐकतील. दुसरा म्हणाला पिल्लांना टोपलीत घालून दुसऱ्या झाडावर ठेव, बगळ्यांना काय कळतंय. तिसऱ्याने सांगितलं, "झाडांचं सरकारी कार्यालय असतं, तिथे जा." तिसरा सर्वांत सज्जन होता आणि त्यानेच घात केला.

कार्यालयाचं नाव घेत नाही. त्यांनाही बायकामुलं आहेत. खिडकीतल्या साहेबांना मी म्हणालो, "झाड वाचवायचंय."

"वाचवायचा अर्ज नसतो."

"मग कशाचा असतो?"

"तोडायचा असतो, छाटायचा असतो. असं करा, तुम्ही छाटणीचा अर्ज करा. आमचा माणूस पाहणीला येईल, वर घरटी दिसली की नामंजूर करेल. एकदा का नामंजुरीचा कागद झाला की कोणाची टाप आहे झाडाला हात लावायची!"

तुम्हीच सांगा, यात खोट कुठे दिसते? मला तर त्या माणसात साक्षात देव दिसला. मी तिथल्या तिथे माझ्या नावाने छाटणीचा अर्ज केला आणि घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

पाहणीचा माणूस आला तेव्हा पाऊस होता. तो छत्री घेऊन चिंचेखाली उभा राहिला. वर बघावं तर छत्री बाजूला करावी लागणार, आणि छत्रीवर पावसाव्यतिरिक्त जे काही टपटप पडत होतं ते त्याला ऐकू येत होतंच. त्याने शहाण्या माणसासारखं खालीच बघितलं. खाली घाण होती. "नागरिकांची गैरसोय खरी आहे" असा शेरा मारून त्याने अर्ज मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी चिंचेच्या बुंध्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, नोटीस लागली होती. फांद्या छाटण्यास परवानगी. अर्जदार, श्री. मधुकर राऊत. खाली माझा पत्ता, कोणाला शंका नको म्हणून.

रमेशभाऊंनी मला भर आळीत मिठी मारली. "मधू! मला वाटलं तू विरोधात आहेस. आणि तू तर परवानगी घेऊन आलास रे, आम्हाला आजवर कोणाला जमली नव्हती!" हेमांगीने त्या नोटिशीचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. खाली एकही शब्द नव्हता, नुसती प्रश्नचिन्हं. आणि प्रेमलता ताट वाढता वाढता म्हणाली, "सोडवायला गेलात आणि खाटकाचा परवाना घेऊन आलात."

अशा वेळी माणूस कुठे जातो? मी बुवांकडे गेलो. जायचं म्हणजे आमच्याच पुढच्या खोलीत, कारण सप्ताहासाठी आलेले गंगारामबुवा आमच्याकडेच उतरतात. बुवांबद्दल काय सांगू! पिळदार शरीर, कपाळभर बुक्का, आणि आवाज असा की त्यांना माइक लागत नाही. आसपासच्या गावांत बुवांना बोलावतात ते त्या आवाजासाठी. वरच्या पट्टीत गेले की मागच्या रांगेतली झोपलेली पोरं दचकून उठतात आणि म्हातारी माणसं डोळे पुसतात. बुवांना त्या आवाजाचा अभिमान होता, आणि का नसावा?

मी सगळं सांगितलं. बुवा गरम पाणी पीत ऐकत होते. "मधू, झाड ऐकत नाही, कार्यालय ऐकत नाही," ते म्हणाले, "पण माणसं ऐकतात. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशीच्या उत्तररंगात बुवांनी एका पाखराचं आख्यान लावलं. देवाच्या दारातल्या झाडावर एक पाखरू राहत असे. पुजारी दुपारी झोपला की ते पाखरू गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी येऊन पंखांनी देवाला वारा घाली. एकदा राजाने रथाला लाकूड हवं म्हणून ते झाड तोडायला घेतलं, तेव्हा देव स्वतः देवळाबाहेर येऊन झाडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, "हे माझं माणूस आहे." बुवांनी 'माझं' हा शब्द असा लांबवला की माझ्या शेजारच्या माणसाने माझाच हात धरला. नंतर एका विद्वानाने विचारलं, "बुवा, हे कुठल्या पुराणात आहे?" बुवा शांतपणे म्हणाले, "जे तुमचं वाचायचं राहिलंय, त्यात."

रमेशभाऊ उपरण्यात तोंड घालून रडत होते. कीर्तन संपताच त्यांनी उभं राहून जाहीर केलं, "चिंचेच्या पानालाही हात लागणार नाही!" त्यांनी स्वतः जाऊन ती नोटीस फाडली. मी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या दिवशी मी दोन वेळा भात घेतला. हकिगत इथे संपली असती तर मी तुम्हाला एव्हाना प्रसाद दिला असता.

पण बुवांनी आख्यानाच्या शेवटी, ओघात, एक वाक्य टाकलं होतं, "या पाखरांना जो घास देईल, त्याचा घास देवाला पोचेल." आमची आळी तशी भाविक.

सकाळी मी चिंचेकडे गेलो आणि जागच्या जागी थिजलो. बुंध्याभोवती केळीची पानं मांडलेली. पानांवर पोहे, शिरा, दहीभात, कोणी तर अळूवडी. आयाबाया पदर पसरून वर बघत होत्या. बुंध्याला हळदकुंकू. एका फांदीला कोणीतरी पितळेची घंटा बांधली होती आणि येणारा जाणारा ती ओढत होता; प्रत्येक ओढीला वरच्या काटक्या थरथरत होत्या. बगळे घाबरून उडत, घिरट्या घालत, पुन्हा बसत. आणि पोहे खायला गावातले यच्चयावत कावळे जमले होते. शिऱ्यामागे मांजरं आली. कावळ्यांचे पोहे खाऊन झाले की ते वर पिल्लांकडे बघत.

"अहो, बगळा पोहे खात नाही!" मी ओरडलो.

"भावाने दिलं की सगळं खातो," एक आजीबाई म्हणाल्या.

"मधूअंकल, हे बघा!" वरून आवाज आला. आमच्या सप्ताहाचा साउंडवाला कॅल्विन शिडीवर चढला होता आणि घरट्यांच्या हातभर खाली कर्णा बांधत होता. "पक्ष्यांना पण नीट ऐकू यायला पाहिजे ना! फ्री सर्व्हिस. काल्याच्या दिवशी इकडे चार अजून लावतो, मग बघा इफेक्ट."

त्याच गडबडीत एक पिल्लू खाली पडलं. मी जन्मात कधी धावलो नसेन तसा धावलो. मांजराच्या आधी पोचलो, एवढंच. ते माझ्या धोतराच्या ओच्यात लटलट कापत होतं. हेमांगी येऊन ते बुटांच्या खोक्यातून उपचाराला घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "काका, हा पाखरांचा पाहुणचार थांबवा. काल्याची गर्दी आणि स्पीकर झाले ना, तर एकही पक्षी राहणार नाही."

थांबवा म्हणणं सोपं आहे. मी एकेकापुढे हात जोडत फिरलो, आणि जो तो मलाच विचारी, "काल बुवांना सांगून नैवेद्य मागवलात, आज परत पाठवता? देवाची थट्टा आहे?" शेवटी एका पोरगेल्या कार्यकर्त्याने मला तोंडावर सांगितलं, "काका, तुम्ही नास्तिक झालात." मला! ज्याच्या लग्नाचा मुहूर्त सप्ताहाच्या तारखा पाहून काढला गेला, त्याला! मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो.

तेवढ्यात विमलाकाकू खराटा घेऊन बाहेर आल्या. पोह्यांवरच्या मुंग्या त्यांच्या तुळशीपर्यंत पोचल्या होत्या.

"कोन गं ती घंटा वाजवते?" त्यांचा आवाज साऱ्या आळीने ऐकला. "तुमच्यापैकी कोनी पोरं जन्माला घातलीत की नाही? बाळंतिनीच्या खोलीत अशी घंटा बडवतात? जत्रा भरवतात? माझी लेक बाळंत होती तेव्हा तिच्या सासऱ्याला मी उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं! आनि काय गं, घरात वृद्धी असली की देवाला कोन हात लावतं? आरती कोन करतं? इथे वर सगळ्या बाळंत, घरोघरी सोयर, आनि तुम्ही खाली हळदकुंकू वाहता?"

गर्दी एक पाऊल मागे सरली. खरंच सरली, मी पाहिली. मूल जन्मलेल्या घरात पूजा करत नाहीत, हे सर्वांना आईच्या दुधाबरोबर ठाऊक. एक जण चाचरत म्हणाला, "पण काकू, पाखराला कुठे सोयर असतं?"

"पाखराला नैवेद्य चालतो," काकू गरजल्या, "मग सोयर का नाही?"

आजीबाईंनी आपलं पान उचललं. घंटा उतरली. विमलाकाकूंनी खराटा आपटत सगळं अंगण झाडून काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी तुळस मला नीट हवी आहे, एवढंच. तुझ्या बगळ्यांचं मला काही नाही."

पण आता रमेशभाऊंचा धीर सुटला. सोयर असलेल्या झाडाखाली काला करायचा कसा? देवळात एवढी माणसं मावणार नाहीत, आणि आमंत्रणं गेलेली. समिती बुवांसमोर येऊन बसली. मी दाराआड उभा राहून नखं खात होतो.

बुवांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मूर्ती आत राहू दे. काला अंगणातच करू. पण बाळंतघराशेजारी जसं बोलतात, तसा."

"म्हणजे कसा, बुवा?"

"हळू."

मंडळी गेल्यावर मी आत गेलो. "बुवा, एवढ्या गावांची माणसं येणार आहेत. ती तुमचा आवाज ऐकायला येतात."

"माहीत आहे मला." बुवा पाण्याच्या भांड्याकडे बघत होते. "आजवर शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून गायलो, मधू. वरच्या पाखरांना ऐकू जाऊ नये म्हणून कधी गायलो नाही. जमतंय की नाही, कोणास ठाऊक." त्यांचा चेहरा परीक्षेला बसणाऱ्यासारखा झाला होता. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

काल्याच्या दिवशी कॅल्विनचे सगळे खोके ताडपत्रीखाली बंद होते. "साउंड लावायचा नाही तर मला बोलावलं कशाला, अंकल?" तो कुरकुरला. मी म्हणालो, "बाबा, आज शांतता लाव." बिचाऱ्याने दिवसभर तोंडावर बोट ठेवून येणाऱ्यांना बसवलं. बाहेरगावच्या मंडळींना आमच्या माणसांनी वेशीवरच घरट्यांचं कारण सांगितलं होतं, पण ऐन वेळी आलेले पुष्कळ जण ते न ऐकताच मागे येऊन बसले.

बुवा उभे राहिले. टाळकऱ्यांनी टाळांना फडकी गुंडाळली होती. पखवाजी बोटांच्या टोकांनी वाजवत होता. आणि बुवा कुजबुजत्या आवाजात गाऊ लागले. पहिल्या ओळीला त्यांचा स्वर सवयीने वर चढला, तसा त्यांनी तो मध्येच गिळला. गळ्याच्या शिरा तटतटल्या. वरच्या पट्टीत जायची जागा आली की ते डोळे मिटून फक्त हात वर नेत. स्वर आतच ठेवत. विठ्ठलनामाचा गजर झाला तोही ओठांतल्या ओठांत. एवढी माणसं एकदम कुजबुजली की कसं वाटतं, ठाऊक आहे? भाताच्या शेतावरून वारा जातो तसं.

माझं अर्धं लक्ष वर होतं. एका बाईला खोकला आला तर मला तिचा गळा धरावासा वाटला. कोणाचं तरी तान्हं रडलं, तेव्हा मी देवाला नवस बोललो. हंडी फोडायची वेळ आली. बुवांनी काठी घेतली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी हंडी हळूच उतरवली, झाकण काढलं आणि डबा उघडावा तसा काला वाटायला सुरुवात केली. आणि त्याच क्षणी एक बगळा चोचीत मासा घेऊन, सगळ्या माणसांच्या डोक्यांवरून, सरळ घरट्यात उतरला. पिल्लांनी कलकलाट केला. त्या अंगणात त्या दिवशी मोठ्याने बोलली ती फक्त ती पिल्लं.

बुवा हातात काला घेऊन तसेच वर बघत राहिले. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

पुढे गणपतीच्या सुमाराला सगळी पिल्लं उडाली. हेमांगीने खोक्यातलं पिल्लूसुद्धा बरं करून गासच्या शेतात सोडलं. तेव्हा तिने माझ्याशी हात मिळवला. विमलाकाकूंनी तुळशीभोवती ताजी माती घातली आणि वर बघून म्हणाल्या, "गेली एकदाची," पण तशाच उभ्या राहिल्या.

मग आता मी काळजीत का? म्हणून तर तुम्हाला जवळ बसवलं. त्या दिवशी मागच्या रांगांत बसलेल्या बाहेरगावच्या मंडळींनी घरी जाऊन सांगितलं की गंगारामबुवांचा आवाज गेला. वरच्या पट्टीत नुसता हात जातो म्हणे, स्वर निघत नाही. नवरात्राचं कीर्तन दोन गावांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं. मी दोन्हीकडे जाऊन आलो, बगळ्यांची सगळी हकिगत सांगितली. ते मला म्हणाले, "राऊतसाहेब, मित्राची बाजू घ्यावी माणसाने, पण आम्ही तिथे बसून आमच्या कानांनी काही नाही ऐकलं." आता नाही ऐकलं, हे तर खरंच आहे. बुवांना हे कोणी सांगितलेलं नाही. पण नवरात्र जवळ येतंय, आणि कोणाचा निरोप आला का असं ते मला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारतात.

तर एवढंच करा. तुमच्या गावात सप्ताह ठरेल, उत्सव ठरेल, बुवा कोण बोलवायचे असा विषय निघेल, तेव्हा गंगारामबुवांची आठवण ठेवा. आवाज अगदी शाबूत आहे. फक्त तुमच्या मांडवावर झाड असेल, तर आधी वर बघून घ्या.